'राजसंन्यास'चा वाद : पात्राची उक्ती, बखरीचा वारसा आणि जातीय अस्मितेची इतिहासस्मृती

१. प्रश्नाची मांडणी

एखादी वाङ्मयकृती लिहिली जाते तेव्हा तिचा वाचक जसा लेखकाच्या मनात असतो, तसा तो पुढील काळात राहतोच असे नाही. काळ बदलतो, वाचकवर्गाची सामाजिक घडण बदलते आणि एका पिढीने भाषावैभवाचा नमुना म्हणून पाठ केलेली संहिता दुसऱ्या पिढीला अवमानाचा दस्तऐवज वाटू लागते. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' या अपूर्ण नाटकाच्या वाट्याला नेमके हेच आले. जानेवारी २०१७ च्या आरंभी पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्रीच्या वेळी उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. संभाजी ब्रिगेड या संघटनेने त्याची जबाबदारी घेतली आणि 'राजसंन्यास'मध्ये छत्रपती शिवाजी महाराज व छत्रपती संभाजी महाराज यांची बदनामी असल्याचे कारण पुढे केले.

त्यानंतर जी चर्चा झाली तीत मुख्यतः दोन भूमिका दिसतात. पहिली अशी की, नाटकात बदनामी आहे, म्हणून नाटककाराला सार्वजनिक सन्मानाचा अधिकार नाही. दुसरी अशी की, आक्षेपार्ह बोल हे खलपात्राच्या तोंडचे आहेत. ते नाटककाराचे मत नव्हे, म्हणून आक्षेपच निराधार आहे. या दोन्ही भूमिका संहितेच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पुतळा उखडण्याची कृती कायद्याच्या आणि सभ्यतेच्या दृष्टीने समर्थनीय नाही, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु कृती निषेधार्ह ठरली म्हणजे तिच्यामागील प्रश्न सुटला असे होत नाही. मराठीच्या अध्यापकाला तर तो टाळताच येत नाही. कारण गडकरी अभ्यासक्रमात येतात आणि ज्यांच्या भावनांचा प्रश्न आहे ते विद्यार्थीही त्याच वर्गात बसलेले असतात.

२. इतिहास कोणी लिहिला? : आक्षेपाची पूर्वपीठिका

संभाजी ब्रिगेड ही मराठा सेवा संघाची युवक शाखा. मराठा सेवा संघाची स्थापना १ सप्टेंबर १९९० रोजी पुरुषोत्तम खेडेकर यांच्या पुढाकाराने झाली. आरंभी या संघटनेत शासकीय सेवेतील मराठा-कुणबी कर्मचारी-अधिकारी वर्गाचा भरणा होता. शिक्षण आणि नोकरी यांच्या द्वारे नव्याने मध्यमवर्गात आलेल्या या पिढीने जो पहिला सांस्कृतिक प्रश्न विचारला तो इतिहासलेखनाचा होता : आमच्या पूर्वजांचा इतिहास कोणी लिहिला, आणि तो कोणाच्या सोयीने लिहिला? जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेडराजा येथे १२ जानेवारीला भरणारा मेळावा हे या प्रश्नाला मिळालेले सार्वजनिक रूप होय.

हा प्रश्न नवा नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचला, तेव्हा त्यांनी महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हणून उभे केले. गोब्राह्मणप्रतिपालक राजा आणि शेतकऱ्यांचा राजा, अशा दोन प्रतिमांमधील संघर्षाचा हा मराठीतील पहिला ठळक वाङ्मयीन आविष्कार म्हणता येईल. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव झाला आणि महाराजांची राष्ट्रवादी प्रतिमा दृढ झाली. म्हणजे विसावे शतक उजाडण्यापूर्वीच एकाच ऐतिहासिक पुरुषाभोवती स्मृतीच्या दोन परंपरा उभ्या राहिल्या होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस जे घडले ते या जुन्या वादाचे संघटित रूप आहे.

फरक आहे तो साधनांचा. फुल्यांनी एका प्रतिमेला उत्तर म्हणून दुसरी संहिता लिहिली. अलीकडील वादांत संहितेला उत्तर संहितेने देण्याऐवजी संस्था, पुतळे आणि नामफलक हे लक्ष्य झाले. जेम्स लेन यांच्या २००३ मधील शिवचरित्रविषयक इंग्रजी ग्रंथातील मजकुराच्या निषेधार्थ ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. ग्रंथाच्या ऋणनिर्देशात संस्थेशी संबंधित अभ्यासकांची नावे होती, एवढाच संस्थेचा संबंध. राज्य शासनाने ग्रंथावर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. त्याच वर्षी २७ डिसेंबरच्या रात्री पुणे महानगरपालिकेने लाल महालातील दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलविला. दादोजी हे शिवरायांचे गुरू होते, या समजुतीला समकालीन साधनांचा आधार नाही, हा आक्षेप त्यामागे होता.

या दोन उदाहरणांत एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. दादोजींविषयीचा आक्षेप पुराव्याचा होता आणि त्याची चर्चा पुराव्यानेच होऊ शकत होती. भांडारकर संस्थेवरील हल्ल्यात मात्र पुरावे जतन करणारी जागाच लक्ष्य झाली. 'राजसंन्यास'चा वाद या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतो. येथे प्रश्न एका ललितकृतीचा आहे, आणि ललितकृती म्हणजे पुरावा नव्हे. तरीही ती स्मृती घडविते.

३. खलपात्राची उक्ती : बचावाचे बळ

'राजसंन्यास'वरील आक्षेपांचा मोठा भाग जिवाजी कलमदाने या पात्राच्या भाषणांवर आधारलेला आहे. शिवाजी महाराजांविषयीचे हीन उद्गार याच्या तोंडी येतात. उक्ती कोणाची, ती कोणत्या प्रसंगी आली आणि नाट्यकृतीच्या एकूण मूल्यव्यवस्थेत तिचे स्थान काय, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज नाटकातील कोणतेही वाक्य नाटककाराच्या नावे जमा करता येत नाही. 'एकच प्याला'तील तळीराम मद्यपानाचा कैवार घेतो, 'आर्य मदिरा मंडळा'त दारूची तत्त्वज्ञाने मांडली जातात. म्हणून गडकरी मद्यपानाचे पुरस्कर्ते होते, असे कोणी म्हणत नाही. तळीरामाचा युक्तिवाद जितका चतुर, तितकी सिंधूची शोकांतिका अधिक दाहक होते. हीच गडकऱ्यांची रचनापद्धती आहे.

जिवाजीच्या आडनावाकडेही लक्ष द्यावयास हवे. कलमदान म्हणजे लेखण्या ठेवण्याची पेटी. नाटककाराने निंदकाला हातात तलवार न देता लेखणी दिली आहे. पराक्रमाचा वाटा ज्याच्याकडे नाही, पण पराक्रमाची नोंद करण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे, अशा लेखणीबहाद्दराचे ते उपहासचित्र आहे. तलवारीने मिळविलेले राज्य लेखणीने कसे बदनाम होते, याची जाण या पात्राच्या निर्मितीतच आहे, असे म्हणावयास जागा आहे. इतिहास लेखणीवाल्यांनी विकृत केला, हा ब्रिगेडचा मुख्य आरोप; आणि ज्या पात्रामुळे नाटक वादग्रस्त ठरले ते पात्र म्हणजे अशाच लेखणीवाल्याचे विडंबन. आक्षेप घेणाऱ्यांनी आणि बचाव करणाऱ्यांनीही या विरोधाभासाकडे फारसे पाहिले नाही.

शिवाय नाटक अपूर्ण आहे. गडकऱ्यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. 'राजसंन्यास' लेखकाच्या अखेरच्या हस्तसंस्काराविना वाचकांपर्यंत आले. काही प्रवेश लिहून झालेले, काहींची केवळ कल्पना, असे त्याचे स्वरूप आहे. जिवाजीच्या निंदेचे माप पुढील अंकांत कसे पुरे होणार होते, हे संहितेत दिसत नाही. अपूर्ण कृतीतील सुटा संवाद संपूर्ण अभिप्राय मानणे हे समीक्षाशास्त्रात बसत नाही.

४. बचाव कोठे अपुरा पडतो

येथवर बचावाची बाजू बळकट दिसते. परंतु ती शिवाजी महाराजांविषयीच्या उद्गारांपुरतीच. संभाजी महाराजांच्या बाबतीत 'हे पात्राचे मत आहे' हा युक्तिवाद लागू पडत नाही. कारण तेथे प्रश्न उक्तीचा नसून कथानकाचा आहे.

'राजसंन्यास'चा नायक संभाजी तुळसेच्या मोहात गुंतलेला, राज्यकर्तव्य विसरलेला आणि शेवटी आत्मभान येऊन पश्चात्तापाने उजळून निघालेला असा आहे. नाटकाच्या नावाचा अर्थही येथेच उलगडतो. राजेपण हे उपभोगाचे नव्हे, त्यागाचे पद आहे, हा साक्षात्कार नायकाला उशिरा होतो आणि त्या उशिराची किंमत तो प्राणाने मोजतो. ही शोकात्म रचना नायकाच्या स्खलनावर उभी आहे. स्खलन काढून टाकले तर साक्षात्कार उरत नाही आणि साक्षात्कार गेला तर नाटकच उरत नाही. म्हणून संभाजीराजांचे विलासी चित्र ही खलपात्राने केलेली निंदा नसून ती नाटककाराने स्वीकारलेली वस्तुस्थिती आहे. बचाव करणाऱ्या अनेकांनी हा भाग वगळून केवळ जिवाजीविषयी लिहिले, आणि म्हणून आक्षेपकांचे समाधान झाले नाही. ते होणेही शक्य नव्हते.

मग हे चित्र गडकऱ्यांनी रचले काय? तसेही नाही. ते त्यांना परंपरेने मिळाले. संभाजी महाराजांच्या दुर्वर्तनाची जी प्रतिमा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली, तिचा एक प्रमुख स्रोत मल्हार रामराव चिटणीस यांची बखर हा आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सातारा येथे, म्हणजे संभाजीराजांच्या मृत्यूनंतर (११ मार्च १६८९) शतकाहून अधिक काळ लोटल्यावर लिहिली गेली. बखरकार ज्या चिटणीस घराण्यातला, त्या घराण्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून संभाजीराजांनी देहान्त शासन दिले होते. बखरकाराच्या लेखणीमागे हे घराण्याचे दुःख असावे, असे अभ्यासकांनी वारंवार सुचविले आहे. तथापि त्याच बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी पुढे छत्रपतींच्या गादीची निष्ठेने सेवा केली, हेही विसरता येत नाही. घराण्याची स्मृती एकेरी नसते.

गडकऱ्यांसमोर ही बखरपरंपरा होती. तिला छेद देणारे संशोधन तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. त्यांच्यानंतरही वि. ह. औंधकरांचे 'बेबंदशाही' (१९२४) आणि भालजी पेंढारकरांचा 'थोरातांची कमळा' (१९४१) हा चित्रपट याच प्रतिमेच्या परिसरात वावरतात. म्हणून दोष एका लेखकाच्या हेतूचा नसून स्रोतांची छाननी न करता ते स्वीकारणाऱ्या एका संपूर्ण वाङ्मयीन संस्कृतीचा आहे. हा निष्कर्ष आक्षेपकांना सौम्य वाटेल. वस्तुतः तो अधिक कठोर आहे. एक पुतळा हलविल्याने त्याचे निराकरण होत नाही.

५. प्रतिमेची दुरुस्ती : संशोधन आणि साहित्य

ही प्रतिमा बदलली ती कशाने? १९२६ मध्ये संभाजीराजांच्या नावे असलेला 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ ह. दा. वेलणकर यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. विलासी आणि उच्छृंखल म्हणून रंगविलेला राजा राजनीतीवरील संस्कृत ग्रंथाशी संबंधित आहे, ही बाब अभ्यासकांना पुनर्विचारास प्रवृत्त करणारी होती. हा ग्रंथ प्रकाशित केला तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने. संभाजीराजांच्या विद्वत्तेचा पुरावा छापून देणाऱ्या संस्थेवरच पुढे संभाजीराजांच्या नावाने हल्ला झाला, याहून मोठी उपरोधिका या विषयात दुसरी नाही.

त्यानंतर वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घकालीन संशोधनाअंती १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. समकालीन कागदपत्रे आणि परकीय साधने यांच्या आधारे त्यांनी बखरींतील कथनांची तपासणी केली. कमल गोखले यांच्या संशोधनानेही ही दिशा पुढे नेली. बेंद्र्यांनी बखरकारांचा निषेध करून काम थांबविले नाही. त्यांच्या प्रत्येक विधानासमोर दुसरे साधन ठेवले.

संशोधनाचा प्रकाश ललित साहित्यात लवकरच उतरला. नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात अध्यापन केलेले वसंत कानेटकर यांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. तेथे संभाजी पित्याच्या प्रेमासाठी आसुसलेला, दुखावलेला, पण तेजस्वी युवराज आहे. 'इथे ओशाळला मृत्यू' (१९६८) मध्ये त्याचे बलिदान केंद्रस्थानी आले. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांच्या 'छावा' कादंबरीने ही नवी प्रतिमा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचविली. म्हणजे मराठा सेवा संघाची स्थापना होण्यापूर्वी तीन दशके मराठी संशोधनाने आणि साहित्याने स्वतःची चूक दुरुस्त करण्यास आरंभ केला होता. 'राजसंन्यास'ला सर्वात समर्थ उत्तर मराठी रंगभूमीनेच दिले, आणि तेही गडकऱ्यांचे नाव पुसून न टाकता.

६. जातीची सरळ रेघ आणि इतिहासाची वाकडी वाट

या वादाची सार्वजनिक मांडणी बहुधा ब्राह्मण-ब्राह्मणेतर अशा सरळ रेघेवर होते. 'राजसंन्यास'च्या बाबतीत ही रेघ जुळत नाही. गडकरी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले. मल्हार रामराव चिटणीसही त्याच समाजातले. या समाजाच्या वेदोक्ताधिकाराला पेशवाईत आणि नंतरही विरोध झाला होता. ग्रामण्यांच्या या इतिहासावर प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये, म्हणजे गडकऱ्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, ग्रंथ लिहिला. प्रबोधनकार त्याच समाजाचे आणि सत्यशोधकी-ब्राह्मणेतर विचारपरंपरेत मानाचे. कोल्हापुरात १८९९ मध्ये वेदोक्त प्रकरण उद्भवले तेव्हा मराठा राजघराण्याने जो अपमान अनुभवला, तसाच अनुभव प्रभू समाजाच्या गाठी होता.

म्हणजे एकाच जातीतून बखरकारही येतो, नाटककारही येतो आणि ब्राह्मणी वर्चस्वाचा प्रखर टीकाकारही येतो. जात लेखकाची दृष्टी घडविते, हे मान्य. परंतु ती दृष्टी केवळ जातीवरून वाचता येत नाही. जातीला समीक्षेत स्थान नको, ही भूमिका जितकी भाबडी, तितकीच जात कळली की संहिता वाचण्याची गरज नाही ही भूमिका आळशी आहे. दलित साहित्याच्या समीक्षेने मराठीला जातीचे भान दिले ते संहिता अधिक बारकाईने वाचता यावी म्हणून, संहिता बंद करण्यासाठी नव्हे.

७. अध्यापनाचा प्रश्न

एकलहरे, सामनगाव, ओढा या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातून पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या घरातला असतो. त्याच्या घरात शिक्षणाची पहिली वा दुसरीच पिढी असते. शिवराय आणि शंभूराजे हे त्याच्या दृष्टीने केवळ अभ्यासविषय नसतात. गावातील मंडळाची जयंती, भिंतीवरील चित्र, घरातले ऐकीव कथन यांतून ती नावे त्याच्यापर्यंत पोचलेली असतात. अशा वर्गात गडकऱ्यांच्या भाषावैभवाचे व्याख्यान देऊन थांबणे म्हणजे त्याच्या मनातील प्रश्नाला बगल देणे होय. आणि 'कलाकृतीकडे कलाकृती म्हणून पाहा' असे सांगणे म्हणजे त्याची स्मृती वर्गाबाहेर ठेवून ये, असे सांगण्यासारखे आहे.

याला पर्याय म्हणून वाचनाचा एक क्रम सुचवावासा वाटतो. प्रथम आक्षेपार्ह मानलेला संवाद संपूर्ण प्रवेशासह वाचावा आणि वक्ता, श्रोता व प्रसंग यांची नोंद करावी. त्यानंतर जे पात्राच्या उक्तीत आहे आणि जे कथानकाच्या पायातच आहे, त्यांची वेगळी यादी करावी. पहिल्याचा बचाव करता येतो म्हणून दुसऱ्याचाही झाला असे समजू नये. तिसऱ्या टप्प्यावर कथानकातील प्रत्येक ऐतिहासिक गृहीतकाचा स्रोत शोधावा. ते कोणत्या बखरीतून आले, ती बखर घटनेनंतर किती वर्षांनी, कोणाच्या आश्रयाने लिहिली गेली, हे पाहावे. शेवटी त्याच विषयावरील नंतरची कृती, येथे कानेटकरांचे वा सावंतांचे लेखन, शेजारी ठेवून प्रतिमा कशी बदलली ते तपासावे. आणि नवी प्रतिमाही त्याच कसोटीला लावावी. ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. कारण स्खलनशील नायकाच्या जागी निर्दोष नायक आला म्हणजे इतिहास आला, असे नव्हे. गौरवाची बखरही बखरच असते.

या क्रमाने गेल्यास विद्यार्थ्याचा राग नाहीसा होईल असे नाही. तो व्हावा अशी अपेक्षाही नाही. रागाला पत्ता मिळेल, एवढे खरे. आपला आक्षेप नेमका कोणत्या ओळीवर, कोणत्या स्रोतावर आणि कोणत्या काळावर आहे, हे त्याला सांगता येईल. स्मृतीचे रूपांतर ज्ञानात होण्याची ती पहिली खूण आहे.

८. समारोप

अवमानाच्या तर्काला अंगभूत मर्यादा नसते. 'छावा' कादंबरीवर आधारित हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. तो संभाजीराजांचा गौरव करणारा. तरीही त्यातील लेझीम नृत्याच्या दृश्यावर आधीच आक्षेप येऊन ते वगळावे लागले, आणि प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाविरुद्ध आवाज उठविला. त्याच वर्षी १३ जुलै रोजी अक्कलकोट येथे संभाजी ब्रिगेडचे नेते प्रवीण गायकवाड यांच्यावर दुसऱ्या एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी शाई फेकली. संघटनेच्या नावात संभाजी महाराजांचा एकेरी उल्लेख आहे, हा त्यांचा आक्षेप होता. ज्या निकषाने गडकऱ्यांचा पुतळा गेला, तो निकष आठ वर्षांनी त्या संघटनेच्या नावावरच उलटला. हे सांगण्यामागे कोणाच्या अडचणीवर समाधान मानण्याचा हेतू नाही. दोन्ही हल्ले सारखेच निषेधार्ह आहेत. केवळ एवढेच दाखवावयाचे आहे की, अवमान झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकार एकदा पुराव्याकडून काढून घेतला की तो कोणा एकाच्या हाती राहत नाही.

'राजसंन्यास'च्या वादातून हाती लागणारे निष्कर्ष असे. जिवाजी कलमदानेच्या उक्तीवरून गडकऱ्यांवर शिवनिंदेचा आरोप ठेवणे संहितेला धरून नाही. संभाजीराजांच्या चित्रणाविषयीचा आक्षेप मात्र सार्थ आहे. परंतु त्याचा रोख व्यक्तीवर नव्हे, तर बखरीपासून रंगभूमीपर्यंत चालत आलेल्या स्रोतशृंखलेवर असावयास हवा. इतिहास कोणी लिहिला हा बहुजन समाजाचा प्रश्न फुल्यांपासून चालत आलेला आणि न्याय्य आहे. त्याचे उत्तर फुल्यांनी पवाडा लिहून, बेंद्र्यांनी चरित्र लिहून आणि कानेटकर-सावंतांनी नाटक-कादंबरी लिहून दिले. पुतळा नदीत गेला तरी नाटक ग्रंथालयाच्या फडताळात आहेच, आणि ते तेथेच असावयास हवे; कारण एखादी प्रतिमा कशी घडली हे दाखविणारा तो पुरावा आहे. पुरावा नष्ट झाला तर अन्याय झाला होता, हे तरी पुढील पिढी कशावरून सिद्ध करणार?